लाकडी पंखांचं जुनं विमान घेताय?

हौस उत्तम, पण विसार देण्याआधी थांबा. इंजिनाचे तास सगळेच विचारतात. तुम्ही विमान कुठे उभं असायचं ते विचारा. वर्षानुवर्षं उघड्यावर भिजलं असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, मी तरी हात लावणार नाही. ओल मुरली की स्प्रूस लाकडाचा स्पार, म्हणजे पंखाची लांबीभर जाणारी मुख्य तुळई, कुजतो आणि केसीनच्या (दुधातल्या प्रथिनाच्या) सरसाने जोडलेले जुने सांधे सुटतात.

- पाहणी लाकडी पंखांची सवय असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. एरॉन्का चँपसारख्या छोट्या जुन्या विमानात पंखाचं टोक कधी जमिनीला आपटलं असेल, तर स्पारमध्ये केसाएवढ्या आडव्या चिरा असू शकतात. पंखावर ताणलेल्या कापडाखाली त्या दिसत नाहीत.
- पंखाखालची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. नवे मालक हौसेने रंग देतात आणि नेमकी तीच बुजवतात!
- आधी हँगरची जागा, मग विमान.

कापड बदलणं, डोप (कापड ताठ करणारं रोगण) वगैरे पुढे बघू.