पेन्शन म्हणून घेतलेली एमजीबी

एका वाचकाचं पत्र आलंय. वय ५२, निवृत्तीला आठ वर्षं. दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या बचतीतली निम्मी रक्कम काढून त्यांनी १९७२ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. आता तारांची मूळ १४ इंची चाकं काढून १५ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) आणि २०५/५० मापाचे रुंद टायर बसवावेत का, असा प्रश्न आहे. खर्च दीड महिन्याच्या उत्पन्नाइतका. हप्ते तीन वर्षांचे आणि ‘बिनव्याजी’. रोख भरले तर दहा टक्के सूट. विक्रेता म्हणतो, गाडीची किंमतही वाढेल. सध्याचे टायर ‘नवेच’ आहेत, याला पुरावा म्हणून त्यांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे दिलेत: १४०९. आणि जाता जाता एक वाक्य: ‘तशी गाडी हीच माझी पेन्शन.’

विचारलेलं आधी उरकतो. बसवू नका. मूळ १६५ मापाच्या टायरसकट चाकाचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर भरतो, नव्या जोडीचा ५८६. म्हणजे साडेपाच टक्के कमी. स्पीडोमीटर शंभर दाखवील तेव्हा गाडी ९५च्या आत असेल, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल आणि गाडी जमिनीला दीड-पावणेदोन सेंटिमीटर जवळ येईल. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर घालून ती पार्क करताना हात भरून येतील. शिवाय तारांचं चाक दातेरी हबवर (चाक जिथे अडकतं त्या मधल्या भागावर) बसतं. नटबोल्टचं अलॉय लावायचं तर हब बदलणं आलं, आणि वायर-व्हीलच्या एमजीबीचा मागचा अॅक्सलही अरुंद असतो, म्हणजे नवं चाक त्याला जुळतंय का तेही पाहावं लागेल. हा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये आहे का, बघा.

‘बिनव्याजी’ म्हणजे काय तेही ऐका. रोखीत ९० ला मिळणारी वस्तू तुम्ही हप्त्यांनी १०० ला घेताय. तीन वर्षांत सरासरी निम्मंच कर्ज अंगावर असतं, म्हणजे वर्षाला सुमारे सात टक्के व्याज झालं. त्यात प्रोसेसिंग फी असेल तर आणखी. आणि किंमत वाढण्याचं म्हणाल, तर जुन्या गाडीचा गिऱ्हाईक मूळ चाकं कुठे आहेत हे पहिल्यांदा विचारतो.

आता ते १४०९. हा मॉडेल नंबर नाही. २००९ सालचा चौदावा आठवडा आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं, चिरतं. हे टायर आजच काढा. मूळ मापाचे नवे टायर आणि सोबत नव्या ट्यूब घ्या (तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच), आरे आणि हबचे दाते तपासून घ्या. अलॉयच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. तो रोखीनं करा.

इथपर्यंत चाकं झाली. मला झोप लागू देत नाही ते पेन्शनचं वाक्य.

तुमच्याच आकड्यांनी मोजू. गाडीची आजची किंमत २० महिन्यांच्या उत्पन्नाइतकी. ती वर्षाला दहा टक्क्यांनी वाढेल असं तुम्ही धरलंय. मानलं. आठ वर्षांत ४३ महिने. विकताना घासाघीस आणि दलाली मिळून दहा टक्के गेले, म्हणजे ४. जागा, विमा, सर्व्हिसिंग यांवर वर्षाला एका महिन्याचं उत्पन्न जातं असं तुम्हीच लिहिलंय, ते ८. अलॉय केले तर आणखी दीड. उरले जेमतेम २९. म्हणजे सगळं मनासारखं घडूनही परतावा पाच टक्के. आणि वाढच पाच टक्के झाली तर? हातात १७. घातले त्याहून कमी.

वाढ दहा टक्के का व्हावी, हेही कळत नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती आणि पाच लाखांहून जास्त निघाल्या. देखणी गाडी आहे, सुटे भाग मिळतात, चालवायला मजा येते. पण दुर्मिळ म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतर निम्म्या उत्पन्नात भागेल, असं तुम्ही म्हणता. मग तुमच्या स्वप्नातले २९ महिनेसुद्धा पाच वर्षांत संपतात, तेही महागाई न धरता. शिवाय पेन्शन दरमहा यावी लागते. घरखर्चाला कमी पडलं म्हणून गाडीचं डावं दार विकता येत नाही.

विमाही साधाच काढलाय तुम्ही. चोरी किंवा अपघात झाला, तर कंपनी जुन्या गाडीचा घसारा काढून पैसे हातावर ठेवेल. मान्य मूल्याची पॉलिसी (गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेली) घ्या, मूल्यांकनाचा कागद आणि फोटो जोडा. कधीकाळी अलॉय बसवलेतच, तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगितलेला बदल दावा अडकवायला पुरतो.

गाडी उद्या विका असं मी म्हणत नाही. हौस आहे, करा. मात्र ती निवृत्तीच्या रकान्यातून काढून खर्चाच्या रकान्यात टाका. अलॉयचा जो हप्ता झेपणार होता, तो याच महिन्यापासून निवृत्तीच्या खात्यात वळवा. नुसत्या त्यानं खड्डा भरणार नाही. बचतीचा उरलेला अर्धा भाग कुठे गुंतवलाय आणि दरमहा तुम्ही किती बाजूला टाकता, हे पत्रात कुठेच नाही. ते दोन आकडे कळवा. गाडी ठेवणं परवडतं की नाही, ते मग सांगता येईल.