अंधाऱ्या एंट्रन्स पॅसेजला पांढरा रंग द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दार उघडलं की चार बाय आठचा पॅसेज आहे, खिडकी नाही, पेंटर म्हणतो पांढरा मारा उजेड वाटेल, आणि मिसेसना तिथं गडद हिरवा हवाय. मी म्हणेन दोघांचंही आत्ता ऐकू नका, आधी तिथला बल्ब बघा.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला अगदी असाच पॅसेज आहे आणि आम्ही पांढराच मारला होता. पांढऱ्याचं कसंय, उजेड आला तर तो परत फेकणार ना, मुळात आलाच नाही तर भिंत राखाडी, मळकट दिसते, कोपऱ्यात तर धूर बसल्यासारखी. रंग देऊन आठवडा झाला नव्हता आणि शेजारच्या काकू विचारतात, "मग, रंग कधी देताय?" काय बोलणार!

तर बल्ब. बॉक्सवर 3000के लिहिलं असेल तो पिवळसर, 6500के म्हणजे पांढराशुभ्र, जरा निळ्याकडे झुकणारा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तुम्हाला सुंदर मोतिया वाटलेली शेड घरी पिवळ्या बल्बखाली श्रीखंडी होते, आणि फॅशनमधला तो ग्रे पांढऱ्या ट्यूबखाली चक्क निळा दिसतो. त्यात फरशीचा रंगही भिंतीवर उतरतो, आमची टाइल विटकरी आहे त्यामुळे भिंतीचा खालचा दोनेक फूट भाग गुलाबीच वाटायचा, पेंटरशी उगाच भांडलो. म्हणून शेडकार्डच्या त्या बोटभर चौकोनावरून ठरवू नका. छोटा सॅम्पल डबा आणा, मोठ्या कार्डशीटवर दोन कोट मारा, वाळू द्या आणि चिकटपट्टीने दाराजवळ, मग आतल्या टोकाला लावून रात्री दिवा लावून बघा. अख्ख्या भिंतीवर रंग कार्डपेक्षा गडदच वाटतो, त्यामुळे आवडलेल्या शेडच्या एक पायरी फिकी घेतलेली बरी.

आम्ही शेवटी बाजूच्या दोन भिंती फिकट बदामी केल्या आणि दारासमोरची एकच भिंत शेवाळी, वर एक छोटा दिवा. त्यामुळे मिसेसचा हिरवा पूर्ण बाद करू नका, फक्त चारही बाजूंनी नको, विहिरीत उतरल्यासारखं होईल.

आता जे कोणी सांगत नाही ते. चप्पल घालताना माणूस भिंतीला हात टेकतोच. आमच्याकडे चपलांच्या रॅकशेजारी बरोबर खांद्याच्या उंचीला एक तेलकट पंजा उमटलाय, सासूबाईंचा, आणि त्याच्या हातभर खाली मुलाच्या दप्तराच्या चेनची रेघ. मॅट फिनिश दिसायला भारी पण ओलं फडकं घासलं की तिथं चमकणारा डाग पडतो, म्हणून या भिंतींना धुता येणारं, किंचित चमक (शीन) असलेलं इमल्शनच घ्या. अजून एक, जुन्या घरांना पांढऱ्या चुन्याच्या भिंतीला खालून गेरूचा पट्टा असायचा ना, पावसाचं चिखलपाणी उडालं तरी दिसू नये म्हणून, तीच आयडिया इथं चालते, खालचे तीन फूट एक-दोन शेड गडद. ओल्या छत्र्या कुठं टेकतात ते आठवा म्हणजे पटेल.

त्या भिंतीपलीकडे बाथरूम असेल आणि पोपडे धरले असतील तर आधी गळती काढा, पुट्टी-प्रायमर सगळं नंतर, नाहीतर कुठलाही रंग पुढच्या पावसाळ्यात फुगणारच.

उरलेला रंग फेकू नका, घट्ट झाकून ठेवा आणि शेडचा नंबर मीटर बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. आमचा नंबर हरवला होता, टचअपचं ठिगळ अजून दिसतंय, त्यावर कॅलेंडर टांगलंय सध्या.

तुमची फरशी कुठल्या रंगाची आहे तेवढं लिहा, मग शेड सुचवते.