रोमानियन शिकताय? आधी एवढंच करा

घाबरू नका, मराठी माणसाला इथे थोडी आघाडीच आहे. टीखाली स्वल्पविराम दिसला की 'चमचा'तला च म्हणा, एसखाली दिसला की श. सीएच म्हणजे क. बहुतेक नवशिके इथेच च म्हणून फसतात. शब्दाच्या शेवटचा आय बहुधा जेमतेम ऐकू येतो, तो ठासून 'ई' म्हणू नका.

व्याकरणात पहिल्यांदा दोनच गोष्टी:

- निश्चित उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) नामाच्या शेपटीला लागतं: लुप (लांडगा), लुपुल (तो लांडगा).
- लिंगं तीन. नपुंसक नाम एकवचनात पुल्लिंगी, अनेकवचनात स्त्रीलिंगी वागतं: उन स्काउन (एक खुर्ची), दोवअ स्काउने (दोन खुर्च्या). म्हणून प्रत्येक नाम अनेकवचनासकटच पाठ करा.

विभक्ती सध्या राहू द्या.