बाबांना शुगर, आजीला शुगर, मग माझा नंबर कधी?

प्रश्न : ताई नमस्कार, मी 38 वर्षांची आहे, मिरजेला एका शाळेत क्लार्क आहे. आमच्याकडे आजीला शुगर होती, बाबांना आहे, दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायाचा अंगठा काढावा लागला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे. मागच्या महिन्यात मोठ्या भावालाही निघाली. मी बारीक आहे, वजन 52, म्हणून घरचे म्हणतात तुला काय होतंय. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात शुगर वाढली होती पण डिलिव्हरीनंतर नॉर्मल आली. माझा खरा त्रास भुकेचा आहे. सकाळी गडबडीत चहा आणि पाचसहा बिस्किटं नाहीतर टोस्ट खाऊन पळते, साडेअकरा वाजले की हात थरथरतात, डोकं चढतं, गोड काहीतरी लागतंच. खाल्लं की थोडा वेळ बरं, मग परत तेच. दिवसात चार चहा होतात, दोन-दोन चमचे साखर. मिस्टर म्हणतात तुझा जिभेवर ताबा नाही. ही शुगरची लक्षणं आहेत का? आणि साखरेऐवजी गूळ घेतला तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही पटकन लिहून पुढे गेलात, ती मी तीनदा वाचली. धाकट्याच्या वेळची शुगर. डिलिव्हरीनंतर ती नॉर्मल येते आणि सगळेजण सुटलो म्हणतात, पण गरोदरपणात ज्यांची शुगर वाढते त्यांना पुढे डायबिटीस व्हायची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असते, आणि म्हणून नंतरही दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायची असते. हे तुम्हाला तेव्हा कुणी नीट सांगितलं नसेल तर मला त्याचं खरंच वाईट वाटतं. त्यामुळे आधी टेस्ट, बाकी सगळं नंतर. उपाशीपोटीची शुगर आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची शुगर, ह्या दोन्ही करा. उपाशीपोटी 100 च्या आत आणि दोन तासांनी 140 च्या आत म्हणजे नॉर्मल, उपाशी 126 किंवा दोन तासांनी 200 च्या पुढे गेली तर डायबिटीस (डॉक्टर एकदा परत करून खात्री करतात), मधलं सगळं प्रीडायबिटीस, म्हणजे डायबिटीसच्या आधीची पायरी. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, ती पण करतात, पण अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवतो आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं काही नवीन नाही, म्हणून हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आता बारीक असण्याबद्दल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्यावर आयुष्यभर काम केलंय. 2004 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, अगदी सारखा, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के! आपली हाडापेराची ठेवणच अशी, हातपाय काडीसारखे आणि चरबी आत पोटाशी. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा, बाईची 80 सेंटीमीटरच्या पुढे नको, पुरुषाची 90 च्या. भावालाही मोजायला सांगा.

घराण्याचं म्हणाल तर हो, धोका आहेच, आईवडिलांपैकी एकाला असेल तर आयुष्यभरात आपल्याला व्हायची शक्यता साधारण 40 टक्के धरतात, दोघांना असेल तर 70 च्या आसपास. पण घराण्यातून येतं ते काय, तर स्वादुपिंडाची इन्सुलिन करायची ताकद जरा कमी असणं. त्याच्यावर किती ओझं टाकायचं हे आपल्या स्वयंपाकघरात ठरतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी प्रीडायबिटीस असलेल्या आपल्याच लोकांवर अभ्यास केला, 2006 मध्ये छापून आला, तीन वर्षांत ज्यांनी काहीच बदललं नाही त्यातल्या 100 पैकी 55 जणांना डायबिटीस झाला आणि ज्यांनी चालणं-खाणं बदललं त्यातल्या 39 जणांना. म्हणजे सगळे वाचले असं नाही, पण 100 मागे 16 घरं वाचली, आणि तुमच्या बाबांचा अंगठा आठवला की 16 हा आकडा मला लहान वाटत नाही.

आणि तुमची भूक. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला द्या प्लीज. मैदा आणि साखर, त्यात ना फायबर ना प्रोटीन, पोटात गेलं की झरझर पचतं, रक्तातली शुगर पटकन वर चढते, तिला खाली आणायला इन्सुलिन भसकन सुटतं आणि दोन-तीन तासांनी शुगर तितक्याच झपकन खाली येते. बहुतेक वेळा ती नॉर्मलच्या खाली जात नाही, पण मेंदूला तो उतार कळतो आणि तो भुकेची घंटा वाजवतो, त्यातही लवकर चढणारं म्हणजे गोडच मागतो. तुम्ही आठ-साडेआठला बिस्किटं खात असाल आणि साडेअकराला हात थरथरतात, हिशोब बघा किती बरोबर जुळतो! हा जिभेवरच्या ताब्याचा प्रश्न नाही हो, सकाळच्या बशीचं गणित आहे. मात्र एकदा थरथर होत असतानाच ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघा, आकडा 70 च्या खाली आला तर डॉक्टरांकडे जा. सारखी तहान, रात्री चारचार वेळा लघवीला उठणं, उगाच वजन उतरणं असं काही असेल तर तेव्हा आठवडाभर थांबू नका.

मी काय करायला सांगेन, तर बाकी काही नको, पंधरा दिवस फक्त नाश्ता बदला. रात्रीच मटकीची उसळ जास्त करून ठेवा, सकाळी वाटीभर उसळ आणि अर्धी ज्वारीची भाकरी, किंवा मुगाचं धिरडं आणि दही, किंवा दोन अंडी. माझ्या आईला शुगर निघाली तेव्हा आमच्याकडे हेच सुरू केलं, ती चहाचं पातेलं गॅसवर ठेवायची आणि चहाला उकळी येईपर्यंत ओट्याशी उभी राहून उसळ खायची, बिस्किटाचा डबा आपोआपच मागे गेला. जेवताना आधी काकडी-कोशिंबीर, उसळ, मग भात, एवढा क्रम बदलला तरी शुगर कमी चढते. आणि जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला, शाळेच्या व्हरांड्यात चाला, पायाचे स्नायू रक्तातली शुगर ओढून घेतात.

गूळ. नाही ताई, गुळातही बहुतेक सगळी साखरच असते, मध पण तसाच. तुमचे चार कप गुणिले दोन म्हणजे आठ चमचे, निदान 32 ग्रॅम तरी, आणि डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला 25 च्या आत असलेलं बरं. एकदम बंद केलं तर चार दिवस टिकेल, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या, जिभेला सवय होते, दीड महिन्याने जुना चहा दिला तर पाकासारखा लागेल. उपवासाची साबुदाणा खिचडी पण ह्याच वर्गातली, साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही घ्या.

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर दोघांनाही शुगर आहे. मुलगा 14 वर्षांचा, जरा जाडसर आहे, कोल्ड्रिंक आम्ही बंद केलं आणि आता बाटलीतला ज्यूस देतो. तरी भूक भूक करतो. त्याची मानही काळी पडलीये, घासून जात नाही. (नाशिक)

उत्तर : ज्यूसमध्येही कोल्ड्रिंकइतकीच साखर असू शकते, बाटलीच्या मागे बारीक अक्षरात असते ती बघा, 250 मिलीला 25 ग्रॅमच्या आसपास. पातळ साखरेने पोट भरल्याचा निरोपच मेंदूला नीट जात नाही. अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता, 2000 मध्ये छापून आला, त्याच 15 माणसांना चार आठवडे रोज 450 कॅलरीच्या जेलीच्या गोळ्या दिल्या आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरीचं कोल्ड्रिंक. गोळ्या खाल्ल्या तेव्हा ते जेवणात तेवढं कमी खायचे, कोल्ड्रिंकच्या वेळी मात्र नेहमीइतकं जेवायचे आणि वजन वाढलं. म्हणून मोसंबी द्या पण सोलून, फोडी करून, चावून खाऊ दे. खेळून आला की आधी पाणी, मग भाजलेले शेंगदाणे-फुटाणे.

मानेचं मात्र पुढे ढकलू नका. ते मळ नसतो. मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा, मानेवर, काखेत, हे शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याचं लक्षण असू शकतं, आणि बऱ्याच घरांत मुलांना त्यासाठी घासणी लावून रडवतात. तुम्ही घासणं आजच थांबवा, ह्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना मान दाखवा आणि दोघांनाही शुगर आहे हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे ते उपाशीपोटीची शुगर लगेच लिहून देतील.