पाण्याखालची मेहनत सिलिंडरच्या काट्यावर मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय 46, रोज पहाटे रंकाळ्यावर तासभर झपझप चालता. गेल्या आठवड्यात मालवणला पहिल्यांदा स्कूबा केलंत, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरलात. चालताना घड्याळ नाडी 118 दाखवतं, पाण्याखाली 88 दाखवली. मेहनत मेट या मापात देणाऱ्या तक्त्यात मात्र झपझप चालणं 4 मेटच्या आसपास आणि स्कूबा 7. वर आलात तेव्हा इतके गळून गेला होतात की जेवण गेलं नाही. मग खरं कोण, आणि डिसेंबरमधल्या डायव्हिंगच्या कोर्सला शरीर तयार आहे हे ओळखायचं कसं?

मी बारा वर्षं डायव्हिंग करतोय आणि त्याआधी बरीच वर्षं तालमीत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तक्ता. 1 मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च, वजनाच्या दर किलोला मिनिटाला 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन. 7 मेट म्हणजे त्याच्या सातपट. संशोधक वापरतात त्या यादीच्या 2011 च्या आवृत्तीत स्कूबाला 7 आहेत आणि कुस्तीला 6. गंगावेशीच्या तालमीच्या हौद्यात एक लढत धरलेल्या माणसाला हे पटेल का? पण यादी चुकीची नाही. हजारो लोकांच्या पाहणीत सगळ्यांना एकच मोजपट्टी लावता यावी म्हणून ती केली आहे. एकट्या माणसाचा नेमका खर्च काढायला ती नाही, हे करणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय.

पाण्यात तर सरासरी आणखी फसवते. पोहण्याचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद जवळजवळ आठपट. म्हणजे तोच माणूस, तोच सूट, पायात तेच फिन, म्हणजे पोहण्याचे पंखे. रमत गेला तर चालण्याइतकी मेहनत आणि पाण्याच्या ओढीविरुद्ध गेला तर दम तोडणारी. तुमच्या पहिल्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरनं सिलिंडरला धरून तुम्हाला फिरवलं असणार, पाय मारायचं काम फारसं नसणार. ती 7 मेटची मेहनत नव्हती. मी 3 च्या आत धरीन.

मग थकवा कुठून आला? पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं ओढून नेतं. त्यात होडीचं हलणं, ऊन, पोटात गेलेलं खारं पाणी आणि पहिल्या वेळची धास्ती. हा थकवा खराच आहे, पण तो स्नायूंच्या कामाचा नाही, म्हणून मेटमध्ये दिसत नाही.

नाडीचंही तसंच. पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदय दर ठोक्याला जास्त भरतं. शिवाय चेहऱ्याला गार पाणी लागलं की नाडी आपोआप मंदावते. त्यामुळे तेवढ्याच कामाला पाण्यात ठोके कमी पडतात. रंकाळ्यावरचा हिशेब तिथं लावू नका. घड्याळाच्या कॅलरी त्याच नाडीवरून काढलेल्या, त्या तर सोडूनच द्या.

मी मोजतो ती हवा. वहीतलं एक उदाहरण देतो. सिलिंडर 12 लिटरचं, 20 मिनिटांत काट्यावरचा हवेचा दाब 190 बारवरून 130 वर आला. 60 बार गुणिले 12 म्हणजे 720 लिटर, मिनिटाला 36. सरासरी खोली 10 मीटर, तिथं दाब 2 बार, म्हणून दोननं भागायचं: पृष्ठभागाच्या हिशेबानं 18 लिटर. माणूस ढोबळमानानं 25 लिटर हवा आतबाहेर करतो तेव्हा 1 लिटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे 0.72 लिटर. माझं वजन 72 किलो, किलोला 10 मिलिलिटर, जेमतेम 3 मेट. त्याच डाइव्हला परतताना ओढ लागली आणि पाच मिनिटांत 40 बार गेले. करून बघा, साडेसात मेटच्या वर येतं. घड्याळाला हा फरक निम्माही दिसला नव्हता.

या हिशेबाचा दोष लक्षात ठेवा. घाबरलेला माणूस काम न करताही हवा ओढतो, म्हणून पहिल्या आठ-दहा डाइव्हचे आकडे फुगलेले येतात. आणि कृपा करून आकडा कमी दिसावा म्हणून श्वास रोखू नका. कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं ठणकतं, आणि खोलवर हवा दाट झालेली असताना तो बाहेर टाकणं आधीच जड जातं. मी सुरुवातीला ही चूक केली आहे.

हवेच्या आकड्याशेजारी स्वतःला किती जड गेलं तेही लिहा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी 6 ते 20 अशी आहे, निरोगी तरुणाचा आकडा दहानं गुणला की साधारण नाडी यावी या बेतानं. पाण्यात नाडी जुळत नाही, पण जाणिवेचा आकडा उपयोगी पडतो. माझा नियम, 13 च्या वर वाटलं की हात वर करायचा, थांबायचं, खडकाला धरून श्वास सावरायचा.

आता डिसेंबर. सरासरी 3 मेट म्हणून निर्धास्त राहू नका. प्रश्न येतो तो होडीपासून लांब वर आलात आणि ओढीविरुद्ध पोहावं लागलं तर, त्या पाच मिनिटांचा. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे, आणि तुमच्या वयात मी तपासणीशिवाय उतरू देणार नाही. डॉक्टरांना विचारून ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत तीन-तीन मिनिटांचे टप्पे असतात. दुसरा टप्पा सुमारे 7 मेटचा, तिसरा 10 चा. तिसरा टप्पा छातीत काही न होता पुरा झाला तर माझ्या मते पुरेशी शिल्लक आहे. नुसतं चालून ती वाढणार नाही. आठवड्यातून दोनदा पोहण्याच्या टँकवर फिन घालून पोहा, मध्ये मध्ये मिनिटभर जोर लावून.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण कोल्हापूरकराला सांगायलाच हवी. मालवण समुद्रसपाटीला, आपण साडेपाचशे मीटरवर. एकापाठोपाठ डाइव्ह केल्यावर संध्याकाळीच गाडी घाटावर घेऊ नका. दाब उतरला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. ती रात्र तिथंच राहा, पाणी भरपूर प्या, आणि जोर-बैठका दुसऱ्या दिवशीवर ठेवा. कोर्सच्या डाइव्हचे बार, मिनिटं, खोली आणि तुमचं वजन लिहून आणलंत तर आपण मिळून हिशेब करू.