ओमानला कंत्राटावर निघालेल्या मुलास

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू पगार, कॅम्प, जेवण, तिकीट सगळं विचारलंस. तिथल्या माणसांशी वागायचं कसं, हे राहिलं. तू तेलाच्या साइटवर जाणार, पण तेल कंपनीचा म्हणून जाणार नाहीस, कंत्राटदाराचा माणूस म्हणून जाणार. व्हिसा एकाचा आणि साइटचे नियम दुसऱ्याचे. दोघांना सांभाळताना आपल्या पोरांची जी ओढाताण होते ती मी पुष्कळ पाहिली आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

सगळ्यात आधी आवाज. आपल्याकडे साइट आरडाओरड्यावर चालते. फोरमनला चार लोकांत झापलं की काम हललं असं आपण समजतो. ओमानमध्ये हे साफ उलटं पडतं. ओमानी माणूस स्वभावाने शांत आणि बोलायला मऊ, पण चारचौघांतला अपमान तो विसरत नाही. तो तुला उलट बोलणार नाही. तुझा इन्स्पेक्शनचा कागद मात्र त्याच्या टेबलावर पडून राहील, आणि का पडलाय हे तुला कुणीही सांगणार नाही. चूक दाखवायचीच असेल तर त्याला बाजूला घे, आधी तब्येत विचार, घरचं विचार, मग मुद्द्यावर ये. घरचं म्हणजे ‘कुटुंब कसं आहे’ एवढंच. बायकोची वेगळी चौकशी करायची नाही. बाईंशी हस्तांदोलन त्यांनी हात पुढं केला तरच.

हे फक्त शिष्टाचारापुरतं नाही. रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली शिवी तिथं पोलिसांत जाऊ शकते. 2011 पासून सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे, आणि तक्रार करणारा तुझ्याच खोलीतला भारतीयही असू शकतो. हिंदीत कुणाबद्दल काही बोलशील आणि समोरच्याला कळणार नाही, या भ्रमात राहू नकोस. मस्कतचा भारताशी व्यापार पिढ्यान्‌पिढ्यांचा, 1970 पर्यंत तर तिथं रुपया चालत होता. बलुची वंशाचे, पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारहून परतलेले, अशी नाना घरांतली माणसं तिथं आहेत, आणि हिंदी-उर्दू समजणारे जागोजागी भेटतात. मराठीतही जपून बोल. साइटवर एखादा रत्नागिरीकर निघतोच.

ऑफिसात गेलास की कहवा, म्हणजे तिथली कॉफी, आणि खजूर पुढं येतील. ‘घाई आहे, नंतर घेतो’ म्हणू नकोस. कप छोटा असतो, उजव्या हातानं घ्यायचा. रिकामा केलास की पुन्हा भरला जातो. पुरे झालं की कप हातात जरा हलवून परत द्यायचा, ओतणाऱ्याला कळतं. पायाचा तळवा समोरच्याकडे करून बसू नकोस. ही दहा मिनिटं वाया गेली असं मानणारा साइट इंजिनिअर मला कधी वर गेलेला दिसला नाही. सरकारी कचेऱ्या सकाळी साडेसातला उघडतात आणि दुपारी अडीचला मिटतात, तेव्हा सह्यांची कामं सकाळीच काढ. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. 2013 च्या आधी गुरुवार-शुक्रवार असायची, त्यामुळे जुन्या माणसांचे सल्ले ऐकताना वार तपासून घे.

माणसं मऊ, पण साइटचे नियम लोखंडी. परमिट टू वर्क, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, नसेल तर पान्हासुद्धा उचलायचा नाही. परमिटवर एका व्हॉल्व्हचा नंबर असेल तर शेजारच्याला हात लावायचा नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरीही. गाडीचं तर विचारूच नकोस. आतल्या वाळवंटात जाण्याआधी जर्नी प्लॅन भरावा लागतो: कोण, कुठून, कुठं, थांबा कुठं, पोचणार किती वाजता. मस्कत ते सलाला सुमारे हजार किलोमीटर, वाटेतल्या हैमा गावाच्या पुढं तासन्‌तास सरळ रस्ता, आणि रात्री मध्येच उंट. आपल्या लोकांचे जीव या रस्त्यांवर फार गेले, म्हणून गाडीत वेग नोंदवणारं यंत्र बसवतात. सीटबेल्ट आणि मोबाइलच्या बाबतीत ‘या वेळी सोडा ना साहेब’ चालत नाही. कंत्राटदाराच्या माणसाला तर अजिबात नाही. गेटपास काढून घेतला की तो दुसऱ्या दिवशी कॅम्पमध्ये बॅग भरताना दिसतो.

आता एक नाजूक गोष्ट. तुझ्या हाताखाली ओमानी मुलं-मुली देतील, डिप्लोमा करून आलेली. ओमानीकरणाचं, म्हणजे नोकऱ्या आधी ओमानी लोकांना देण्याचं, धोरण आहे, काही पदं परदेशी माणसांना बंदच आहेत, आणि आज तू ज्या खुर्चीत बसशील ती उद्या त्याच मुलाची असेल. आपली काही मंडळी हे ओळखून शिकवतच नाहीत. फाईल लपवतात, अर्धंच सांगतात. मला हे क्षुद्र वाटतं, आणि व्यवहारातही मूर्खपणाचं. देश त्यांचा, तेल त्यांचं. शिकवलेला मुलगा पाच वर्षांनी क्लायंटच्या, म्हणजे तेल कंपनीच्या, बाजूला बसतो आणि पुढच्या कंत्राटात तुझं नाव तोच सुचवतो. न शिकवलेलाही तिथंच बसतो, हेही लक्षात ठेव.

रमजानात दिवसा उघड्यावर खाणं, पिणं, सिगारेट ओढणं हा गुन्हा आहे. पाण्याची बाटलीसुद्धा गाडीत सगळ्यांसमोर तोंडाला लावू नकोस. तुझ्यासाठी मेसमध्ये पडद्याआड सोय असते. मुस्लिम सहकाऱ्यांना त्या महिन्यात दिवसाला सहा तासच काम, तेव्हा कामाचं वेळापत्रक तुलाच तसं बसवावं लागेल. दुपारी तीनला उपाशी माणसाला क्रेनखाली उभं करायचं नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. एखादा मॅनेजर ‘अर्ध्या तासाचंच आहे’ म्हणाला तर माणसं पाठवू नकोस. उन्हात कोसळणारे बहुतेक आपलेच असतात.

देवाधर्माची काळजी करू नकोस. जुन्या मस्कतमध्ये शंकराचं देऊळ आहे, दारसैतला कृष्णाचं, आणि गणपतीत महाराष्ट्र मंडळात आरतीला जाता येतं. पूजा-अर्चा त्या भिंतींच्या आत. कॅम्पमध्ये खोलीत फोटो ठेव, ढोल आणि मिरवणूक नको.

कागदपत्रांचं नीट ऐक. नोकरीचा कायदा 2023 मध्ये बदलला. दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस, त्यावर ओव्हरटाइम. वर्षाला तीस दिवस रजा. निघताना मिळणारी ग्रॅच्युइटी आता दर वर्षाला एक महिन्याच्या मूळ वेतनाइतकी धरतात. मेख ‘मूळ’ या शब्दात आहे. एजंट तुला एकूण आकडा दाखवतो, त्यात भत्ते फुगवलेले आणि बेसिक बारीक असते. अरबी प्रत असतेच, आणि वाद झाला की तीच बघतात; ती कुणाकडून तरी वाचून घे. पासपोर्ट तुझ्याकडे ठेव. तुझ्या लेखी संमतीशिवाय मालकाला तो ठेवता येत नाही, तेव्हा सह्यांच्या गठ्ठ्यात तसलं संमतीपत्र आहे का ते बघ. ज्याचा व्हिसा त्याच्याकडेच काम. सुट्टीच्या दिवशी मित्राच्या दुकानात वायरिंग करून दिलं तरी ते बेकायदा ठरतं. ‘फ्री व्हिसा’ म्हणून, म्हणजे व्हिसा एकाच्या नावावर आणि काम कुठंही कर असं सांगून, जे काही विकतात, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. करार संपल्यावर नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी जानेवारी 2021 पासून लागत नाही, मग चोरून पळायचं कारणच काय?

बॅगेत औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडीला हवी. खोकल्याची, दुखण्याची कोडीन किंवा ट्रामाडॉलवाली, म्हणजे नशेत मोडणारी, औषधं तर नकोच. आईला सांग, अनारसे देऊ नकोस. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, तिच्यावरून आखातात माणसं तुरुंगात गेली आहेत, आणि तुझं विमान दुबईवरून आहे. घरच्या मसाल्यातही खसखस असेल तर तो इथंच राहू दे. चकली-चिवडा खुशाल ने.

फोटो काढायची तुला हौस आहे. प्लांटचे, पोलिसांचे आणि बायकांचे काढू नकोस, बाकी निझवाचा किल्ला आणि मत्राचा बाजार मनसोक्त काढ.

ऑफर लेटर आलं असेल तर सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठव, अरबी पानांसकट. बेसिक आणि भत्ते कसे विभागलेत ते आपण दोघं मिळून बघू. एजंट ‘आजच सही पाहिजे’ म्हणाला तर त्याला माझा नंबर दे.

तुझा,
काका