मागे वाकताना जपून

प्रश्न : परदेशी ग्राहकाला ईमेल लिहिताना मी 'वी आर फॉलिंग ओव्हर अवरसेल्व्ज टू हेल्प यू' असं लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'वी विल गो द एक्स्ट्रा माइल' केलं. अर्थ एकच ना?

उत्तर : साहेबांचं बरोबर आहे. 'फॉल ओव्हर वनसेल्फ' म्हणजे घाईघाईने पुढे पुढे करणं, इतकं की आपलेच पाय पायात अडकावेत. त्यात थट्टा असते, म्हणून ते बहुधा तिऱ्हाइताबद्दल म्हणतात. मंत्री दुकानात आले की त्यांच्या सरबराईसाठी नोकर 'फॉल ओव्हर देमसेल्व्ज'. स्वतःबद्दल लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुमचं लोटांगण दिसतं.

मदतीबद्दलचाच आणखी एक वाक्प्रचार 'बेंड ओव्हर बॅकवर्ड्स', पण त्याची गोम वेगळी. पुढे कुणीही वाकतो, मागे वाकायला कष्ट पडतात. तेवढी गैरसोय सोसून दुसऱ्याची सोय बघणं, हा अर्थ. 'शी बेंट ओव्हर बॅकवर्ड्स टू हेल्प अस' हे कौतुक झालं. तेच 'आय'ने सुरू केलं की 'एवढं केलं, त्याचं हेच फळ का?' असा सूर लागतो. आणि 'बॅकवर्ड्स' कधीही गाळू नका. नुसतं 'बेंड ओव्हर' म्हणजे ओणवं होणं, आणि त्यावरचे विनोद इथे छापण्यासारखे नाहीत.

'गो द एक्स्ट्रा माइल' म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त करणं. ते स्वतःबद्दल बेलाशक लिहा. रोमन सैनिक लोकांना वेठीला धरून ओझी वाहायला लावत. एक मैल चालायची सक्ती झाली तर दोन मैल जा, असं येशू बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:41) सांगतो. वेठबिगारीतून आलेला हा वाक्प्रचार आज कंपन्यांचा लाडका आहे, ही गंमतच.

प्रश्न : 'पुल आउट ऑल द स्टॉप्स' म्हणजे अडथळे काढणं का?

उत्तर : नाही. त्याचा अर्थ सगळी ताकद पणाला लावणं. हे स्टॉप पाइप ऑर्गन या वाद्याचे. एकेक खुंटी ओढली की नळ्यांचा एकेक संच वाजू लागतो, सगळ्या ओढल्या की पूर्ण आवाज. आपल्या पेटीच्या पुढच्या खुंट्या आठवा. रोजच्या कामाला हा वाक्प्रचार शोभत नाही, लग्न किंवा निवडणुकीसारखा मोठा प्रसंग हवा.

प्रश्न : शिफारसपत्रात उत्साही मुलाला 'ईगर बीव्हर' म्हणावं का?

उत्तर : नको. बीव्हर हा झाडं कुरतडून बांध घालणारा प्राणी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात हा शब्द रूढ झाला तो आगाऊपणे काम मागणाऱ्याला चिडवायला. पत्रात 'कीन' पुरे. 'चॅम्पिंग अ‍ॅट द बिट'ही टाळा. त्यात लगाम चावणारा घोडा आहे, आपल्याकडे त्याच्या जागी गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा असतो.